चार हिसके

३ फेब्रुवारी

थेंबा,

डॉक्टरांनी माझ्या तोंडाला कुलूप लावलंय, म्हणून पत्र लिहायची ही वेळ आली. घशाला मशीनचे किरण देणं चालू आहे तोवर एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं म्हणे जास्त ताण पडतो. मी पाटीवर लिहून विचारलं, मग ओरडलं तर चालेल का? त्या माणसाला विनोद कळत नाही. मोबाइलवर लिहून पाहिलं, पण माझं एक बोट तीन अक्षरांवर पडतं. शेवटी ताई म्हणाली, कागद घे, लिही आणि पोस्टात टाक, दोन दिवस उशिरा कळलं म्हणून कोणाचं काही अडत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही लोकांनी हे काय चालवलंय? मी माझ्या सख्ख्या बहिणीकडे उपचारांसाठी आलोय, कारण ते मशीन आपल्याकडे नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं आणि दारात आपला पैलवान. हातात पिशवी, काखेत वळकटी. म्हणतो, "उस्ताद, आजपासून आमची ड्यूटी लागली." कसली ड्यूटी, असं पाटीवर विचारलं, तर म्हणे ज्याची त्याची सुट्टी असेल त्यानं आळीपाळीनं इथे येऊन राहायचं, असं थेंबसाहेबांनी ठरवलंय.

थेंबसाहेब! मी निवृत्त काय झालो, तू साहेब झालास? आपण एकाच दिवशी नोकरीला लागलो, आणि पहिल्याच आगीला पंपावर उभं राहून तू भलतीच चावी फिरवलीस. मी पाइप धरून आगीसमोर उभा, आणि पाइपातून टपकला एक थेंब. तो दिवस मी विसरलेलो नाही आणि फायर स्टेशनातल्या कोणाला विसरूही दिलेला नाही.

पैलवान माझ्याबरोबर हॉस्पिटलात येतो तेव्हा माझा दंड असा धरतो की रस्त्यावरच्या लोकांना वाटतं मला अटक झालीय. घरी आला की ताईला मदत करतो. तिच्या कपाटाचा एक खण कित्येक वर्षं उघडत नव्हता. यानं तो उघडून दिला. आता तो बंद होत नाही.

त्याला परत बोलाव. मी ठणठणीत आहे.

भोंगा


८ फेब्रुवारी

भोंग्या,

तुझं पत्र स्टेशनात मोठ्यानं वाचून दाखवलं. पंपाची गोष्ट आली तेव्हा सगळे इतके हसले की मला वाटलं तूच इथे बसलायस. तू गेल्यापासून ती गोष्ट आठवड्यातून एकदाच निघते. तशी बरी शांतता आहे म्हणायची.

पैलवान परत येणार नाही. म्हणजे शनिवारी येईल आणि दुसरा जाईल. धुराच्या खोलीत एकट्यानं जायचं नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं? एकजण आत गेला की दुसऱ्यानं बाहेर दोर धरून उभं राहायचं आणि आतला बाहेर येईपर्यंत जागचं हलायचं नाही, हे कोणी घसा फोडून सांगितलं? तू आत गेलायस, आम्ही बाहेर उभे आहोत. ठणठणीत आहेस असं तू लिहितोस, पण ठणठणीत माणसाच्या घशावर रोज मशीन लावत नाहीत.

सोबत जुन्या दोराचा तुकडा पाठवतोय. पैलवान म्हणाला की तुला रात्री-दुपारी काही लागलं तर ताईंनी घंटी ठेवलीय, आणि तू पाटीवर लिहिलंस, "मी काय शाळेचा शिपाई आहे?" मग दोर बांध. एक टोक तुझ्या मनगटाला, एक जो कोणी असेल त्याच्या. ताईंना ही खुणांची भाषा माहीत नसेल म्हणून लिहितो, त्यांना वाचायला दे. ताई, एक हिसका म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोडा. तीन म्हणजे दोर आवळून घ्या. चार म्हणजे मला बाहेर काढा. आणि जितके हिसके मिळतील तितकेच आधी परत द्यायचे, म्हणजे आतल्याला कळतं की पोचलं.

तुमच्या भावानं उभ्या नोकरीत कधी चार हिसके दिलेले नाहीत. कमीपणा वाटतो त्याला. त्यामुळे तुम्ही निश्चिंत झोपा.

थेंब

खणाबद्दल पैलवान ताईंची माफी मागतोय.


२२ फेब्रुवारी

थेंबा,

तुझ्या दोराच्या पायी माझी अब्रू रस्त्यावर आली. शब्दशः रस्त्यावर.

तुला माहीत आहे, ताई तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली शिंप्याचं दुकान, शेजारी सायकलवाला. काल दुपारी जेवण झालं. माझं जेवण म्हणजे कोमट दूध आणि पातळ सूप, घसा दुसरं काही आत घेत नाही. मी पलंगावर आडवा झालो, पाळी फिरून परत आलेला पैलवान खाली चटईवर. दोघांच्या मध्ये दोर. आजवर सगळं ठीक चाललं होतं. मी रोज एक हिसका देतो, तो एक परत देतो. फारच काळजी करायला लागला की मी दोन देतो, म्हणजे सैल सोड, जरा लांब हो. तो दोन परत देतो आणि तिथेच बसून राहतो.

काल एक माशी आली. नाकावर बसली, हाकलली. कानावर बसली, हाकलली. परत नाकावर, परत कानावर. ज्या हाताला दोर बांधलेला होता त्याच हातानं मी ती हाकलत होतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पैलवान गाढ झोपेत होता. झोपेतच उठला. डोळे मिटलेले होते असं मी शपथेवर सांगतो. त्यानं मला पलंगावरून उचललं, खांद्यावर टाकलं, दार लाथेनं उघडलं आणि जिन्यानं धाडधाड खाली. मला बोलायची बंदी. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारतोय आणि तो म्हणतोय, "घाबरू नका, आलंच दार." मला फुटपाथवर उताणं झोपवलं आणि वर तोंड करून ओरडला, "आत अजून कोणी आहे का?"

वरून ताई म्हणाली, "मी आहे, पण मला न्यायचं नाही."

शिंपी बाहेर आला. सायकलवाला आला. समोरच्या खिडक्या उघडल्या. मी पट्ट्याच्या लेंग्यात, एका पायात मोजा. तेव्हा कुठे पैलवानाला जाग आली. शिंप्यानं मला पाणी दिलं आणि बसल्या बसल्या लेंग्याचं माप घेतलं, म्हणाला हा फार ढगळ झालाय तुम्हाला.

चार हिसके मिळाले की आधी चार परत द्यायचे असतात. तसं केलं असतं तर मला कळलं असतं आणि मी एक देऊन गडी शांत केला असता. तू यांना शिकवतोस तरी काय?

भोंगा


२७ फेब्रुवारी

भोंग्या,

दोन दिवस स्टेशनात काम झालेलं नाही. कोणीतरी उठून "आत अजून कोणी आहे का?" एवढं म्हणतं आणि सगळे खाली बसतात. साहेबांनी आम्हाला बोलावून गंभीरपणे समज दिली आणि मग दार लावून स्वतः हसत बसले. आम्ही काचेतून पाहिलं.

पैलवानाची बाजूही ऐक. तो म्हणतो, "उस्ताद कधीच चार देत नाहीत. ज्या माणसानं जन्मात चार दिले नाहीत त्यानं दिले, तर परत देत बसायला वेळ कोणाला आहे?" तरी नवा नियम केलाय. आधी चार परत, मग डोळे उघडायचे, मग उचलायचं.

लेंगा ढगळ झालाय हे मात्र हसण्यासारखं नाही. सूप दोन वाट्या पी. ताईंना सांगून ठेवलंय, त्या मला कळवतील.

थेंब


१५ मार्च

प्रिय थेंब,

किरणांचे उपचार संपले. डॉक्टर समाधानी आहेत. आता इथे कोणी येण्याची गरज नाही, तेव्हा पुढच्या पाळ्या रद्द कराव्यात. सगळ्यांनी फार केलं. पैलवानाला विशेष धन्यवाद सांग. काही दिवसांत घरी येईन.

तब्येत उत्तम आहे. काळजी नसावी.

तुझा
भोंगा


१९ मार्च

भोंग्या, लेका भोंग्या,

तुझं पत्र आलं आणि मी ते बंबाच्या टपावर उभं राहून वाचलं. या वयात मी टपावर कसा चढलो ते मला विचारू नकोस, उतरवायला शिडी लावावी लागली. पत्र तुझं वाटतच नव्हतं, इतकं शहाण्यासारखं लिहिलंयस. "काळजी नसावी" काय, "धन्यवाद" काय! गप्प बसून बसून सभ्य झालास वाटतं. पैलवानाला धन्यवाद सांगितले तेव्हा तो लाजून बंब पुसायला गेला. तो बंब त्यानं सकाळीच पुसला होता.

आता ऐक. महिनाअखेरीला आपलं वार्षिक ड्रिल आहे. सगळी मंडळी मैदानात उभी राहणार, पाहुणे येणार, आणि सुरुवातीचा हुकूम द्यायचा तो तू. साहेबांनी माइक ठेवायचं म्हटलं. मी म्हटलं, साहेब, त्या माणसाला माइक दिलात तर मैदानाच्या भिंती पडतील. आम्ही सगळे तुझ्या एका आरोळीसाठी कान लावून बसलोय. तीन तुकड्या त्या आरोळीवर धावणार. नव्या पोरांनी तुझ्या आवाजाबद्दल इतकं ऐकलंय की त्यांना ते खरं वाटत नाही. त्यांना दाखवून द्यायचंय.

कधी निघतोस ते कळव. रेल्वे स्टेशनावर बंब घेऊन येतो.

थेंब


६ एप्रिल

थेंबा,

मी याची ताई. तुला सगळे थेंब म्हणतात, म्हणून मीही म्हणते. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. दोन माणसांची बोलणी जोडून द्यायची आणि मध्ये बोलायचं नाही, हा आमचा नियम. तो मी कधी मोडला नाही. आज मोडतेय.

डॉक्टर समाधानी नाहीत. किरणांनी काम झालं नाही. घशातली गाठ आहे तिथेच आहे. स्वरयंत्र पूर्ण काढून टाकावं लागेल असं त्यांनी सांगितलं, म्हणजे आवाज कायमचा जाईल आणि श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यावा लागेल. पण जगेल. पुढे काही माणसं सरावानं वेगळ्या आवाजात थोडंफार बोलायलाही शिकतात म्हणे. ऑपरेशन हा महिना संपायच्या आत व्हायला हवं. नाही केलं तर काय होईल, तेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. यानं पाटीवर "नाही" लिहिलं, पाटी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि उठून चालायला लागला. घरी आल्यावर तुला ते सभ्य पत्र लिहिलं. मी तेव्हाच ओळखलं होतं की तू फसशील.

मग तुझं उत्तर आलं. ते त्यानं वाचलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "बघ. ते आवाजाची वाट बघतायत. मी काय घेऊन जाऊ?" तेव्हापासून हॉस्पिटलात जात नाही, तुला उत्तर लिहीत नाही. ड्रिलचा दिवस आला तेव्हा सकाळपासून खिडकीत बसून होता. तुझा दोर त्यानं गुंडाळून कपाटाच्या खणात टाकलाय. तो खण तुमच्या पैलवानाच्या कृपेनं बंद होत नाही, त्यामुळे दोराचं टोक बाहेर लोंबतं. येता-जाता दिसतं. त्यालाही दिसतं, पण तो बघत नाही.

मी थोरली बहीण. माझं त्यानं लहानपणी ऐकलं नाही, आता काय ऐकणार? तुझं ऐकेल का ते बघ. रागावू नकोस त्याच्यावर. घाबरलाय तो.

ताई


९ एप्रिल

भोंग्या,

ताईंनी सगळं लिहिलंय. त्यांच्यावर चिडायचं असेल तर आधी माझ्यावर चीड, कारण ड्रिलच्या दिवशी तुझा पत्ता नाही, उत्तर नाही, तरी मी घरी बसून म्हणत होतो की पोस्टाचा घोळ असेल. इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढली आणि "काळजी नसावी" वाचून मला शंका आली नाही. तू जन्मात कोणाला "काळजी नसावी" म्हटलं नाहीस.

आता एक गोष्ट सांगतो. ती ऐकून तुला राग येणार आहे, तेव्हा आधी बस.

तुझा आवाज आम्हाला कधी ऐकूच आला नाही.

हसू नकोस, म्हणजे चिडू नकोस. विचार कर. मी उभी नोकरी पंपाशेजारी काढली. तो पंप सुरू झाला की माझ्या कानाशी कोणी भांड्यांचं दुकान ओतलं तरी कळायचं नाही. तू शंभर फुटांवरून हात हलवत तोंड उघडायचास आणि मी हाताकडे बघून पाणी सोडायचो. आत जाणाऱ्यांच्या तोंडावर मास्क. मास्कमधून तुझं जे काही यायचं ते मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं. कोणाला शब्द कळत नव्हता. काल मी सगळ्यांना विचारलं. पैलवान म्हणाला, "उस्तादांचा आवाज मला फक्त चहा मागताना ऐकू यायचा." बाकीचे म्हणाले, आगीची वर्दी येऊन बंब सुटेपर्यंत आणि परत आल्यावर. म्हणजे काम चालू असताना कधीच नाही. आम्ही दोरावर चालत होतो, भोंग्या. दोराचं टोक तुझ्या हातात असायचं, म्हणून चालत होतो.

रंगाच्या गोदामाची आग आठव. माणसं कमी पडली म्हणून मी पंप सोडून आत गेलो होतो. मागे फळ्या कोसळल्या आणि मला दिशाच कळेनाशी झाली. समोर हात धरला तर हात दिसत नव्हता. तू बाहेरून ओरडत होतास असं नंतर सगळे सांगतात. मला काही ऐकू आलं नाही. मी चार हिसके दिले आणि दोर तसाच मेल्यासारखा पडून राहिला. मला वाटलं, तुटला. आणि मग आले परत. एक, दोन, तीन, चार. सावकाश, एकेक. त्या क्षणाइतका मी आयुष्यात कधी खूश झालेलो नाही. लग्नातसुद्धा नाही, आणि हे बायकोला माहीत आहे.

ती आरोळी, ते ड्रिल, ते सगळं मी लिहिलं कारण मला एवढंच लिहायचं होतं की तू ये, आणि ते तसं लिहायला मला लाज वाटली. आता लिहितो. तू ये. गळ्याला भोक घेऊन ये. आवाज कशाला हवाय आम्हाला? तो होता तेव्हासुद्धा आमचं काम त्याच्यावाचून चाललं होतं.

आणि शेवटचं. इतक्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी चार दिले, आणि तू प्रत्येकाला ओढून काढलंस. कोणाला कमीपणा वाटला नाही, तूही वाटू दिला नाहीस. आता तुझी पाळी आली तर तू दोर खणात टाकतोस? हा कुठला न्याय?

मी टोक धरून उभा आहे. हलणार नाही. माझी निवृत्तीही जवळ आलीय, मला दुसरं कामही नाही.

थेंब


१४ एप्रिल

थेंबा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझ्यावर इतका चिडलो की पाटी आपटली. पाटी फुटली नाही, ताईचा कप फुटला.

ऐकू येत नव्हतं म्हणे! मग कापडाच्या गिरणीत मी "डावीकडे" ओरडलो आणि सगळेच्या सगळे डावीकडे धावले, ते काय स्वप्न पडून? उत्तर दे. जिन्यात अडकलेल्या त्या बाई म्हणाल्या होत्या की तुमच्या आवाजानं धीर आला. त्या खोटं बोलत होत्या? उभा जन्म मी घसा फोडला आणि तुम्ही बेटे माझ्या तोंडाकडे मासा बघावा तसे बघत होतात! आणि हे मला आता सांगतोस!

ताईला विचारलं. पाटीवर लिहिलं, माझा आवाज कोणाला ऐकूच येत नसेल का? ती म्हणाली, "मला तू पाळण्यात होतास तेव्हापासून ऐकू येतोय. हे दोन महिने घर शांत आहे तर मला झोप लागते." अशी ही सख्खी बहीण. मग आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते.

आता खरं लिहितो. ऑपरेशनची मला भीती नाही. आगीत जाणारा माणूस सुरीला काय भिणार? मला भीती आहे त्यानंतरची. शुद्धीवर येईन, सवयीनं कोणाला तरी हाक मारायला जाईन आणि काहीच निघणार नाही. मी हाक मारतोय आणि कोणाला पत्ताच नाही. तू गोदामात दोर मेल्यासारखा पडलेला लिहिलास ना, तसं. तेव्हा मी बाहेर ओरडत होतो. ओरडत होतो म्हणूनच तुझे चार कळायला मला उशीर झाला. हे आज कळलं.

काल खणातून दोर काढला. मनगटाला बांधला. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं, कारण येऊ नका असं मीच तुम्हाला कळवलं होतं. म्हणून पत्रातून देतोय.

चार.

या वेळी माशी नाही.

भोंगा


१७ एप्रिल

भोंग्या,

चार मिळाले. चार परत.

पैलवान आणि मी सकाळच्या गाडीनं निघतोय. बाकीचे पाळी लावून मागून येतील. ताईंना सांग, चटया आणतोय. डॉक्टरांशी त्या बोलून ठेवतील का?

थेंब

गिरणीत उजवीकडे भिंत होती, लेका. डावीकडे नाही तर कुठे धावणार?


१३ मे

थेंबा,

तू ऑपरेशननंतर चार दिवस राहून गेलास, त्यानंतरचं कळवते. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणाले. जखम भरतेय. नळीतून दूध देतो, ते उतरतं. कागदावर सगळं उत्तम आहे.

पण हा पाटी हातात घेत नाही. तुमची माणसं येतात, बसतात, गमती सांगतात. हा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. पैलवानानं दोर बांधला, यानं तो सोडला नाही, पण ओढलाही नाही. पैलवान दिवसभर एकेक हिसका देतो. परत येत नाही. काल तो स्वयंपाकघरात येऊन रडला. एवढा मोठा माणूस, माझ्या ओट्याला धरून.

माझ्या मनात एक आहे. एक्स्चेंजमध्ये कितीदा असं व्हायचं की लाइन जोडली आणि पलीकडे कोणी बोलत नसे. नव्या मुली लगेच लाइन तोडायच्या. मी नाही तोडायचे. गप्प माणूसही लाइनवर असतो, ते ऐकू येतं. फोनवर बोलायला तोंडच लागतं असं थोडंच आहे? बघते काय करता येतं ते. तुमच्या स्टेशनचा जुना फोन अजून चालू आहे ना? टेबलावर पडून राहू देऊ नका. वाजला की उचला, आणि कोणी बोललं नाही तरी ठेवू नका.

ताई


२१ मे

भोंग्या,

पलीकडे काय झालं ते तुला माहीत आहे. अलीकडे काय झालं ते मी लिहितो.

दुपार होती. बंब धुऊन झाला होता, चहा आला होता. फोन वाजला. वर्दी असेल म्हणून सगळे उठले. मी उचलला. "फायर स्टेशन," म्हटलं. कोणी बोलेना. परत विचारलं, कुठे आग आहे, पत्ता सांगा. काही नाही. फक्त एक शीळ घातल्यासारखा श्वास. दुसरा कोणी असता तर मी दोन शिव्या देऊन फोन ठेवला असता, पण ताईंनी बजावलं होतं. मी पोरांना हातानं गप्प केलं आणि थांबलो.

मग आवाज आला. टक.

चमचा होता की बोट होतं ते तुला ठाऊक. एकच. त्यापुढे काही नाही.

माझ्या हातातला चहा कोणी काढून घेतला मला आठवत नाही. टेबलावर पेन होतं. त्यानं मी फोनवर मारलं, टक. एक मिळाला, एक परत. आणि मग मला पुढे काही करता येईना, म्हणून फोन पैलवानाच्या हातात दिला. आदल्या संध्याकाळीच तो तुझ्याकडून हिरमुसून आला होता. त्यानं इतक्या जोरात टक केलं की मला वाटलं फोन गेला. मग ज्याला आपण वकील म्हणतो त्यानं घेतला, तो एरवी एका वाक्यात थांबत नाही, त्यानंही एकच केलं. मग ड्रायव्हरनं. मग नव्या पोरांनी, ज्यांनी तुला पाहिलेलंही नाही. रांग लागली होती. गलका ऐकून साहेब बाहेर आले, काय चाललंय म्हणाले, आणि कोणी काही सांगायच्या आत त्यांनीही हात पुढे केला.

सगळ्यांचं झालं. मी फोन परत कानाला लावला. आणखी काय करावं, परत सगळ्यांना रांगेत उभं करावं का, असा विचार करत होतो. तेवढ्यात तुझ्याकडून आले. टक. टक.

सगळं स्टेशन माझ्या तोंडाकडे बघत होतं. पैलवान म्हणाला, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "सैल सोडा म्हणतात. लांब व्हा जरा, कामं करा आपापली." तर तो खुर्चीत बसला आणि हसता हसता रडायला लागला. म्हणाला, "उस्ताद आले परत."

दोन मिळाले, भोंग्या. दोन परत. सैल सोडतो.

पैलवान मात्र शनिवारी येतोय. ताईंचा खण बंद करून देणार आहे म्हणे. त्याला कपाटाजवळ जाऊ देऊ नकोस.

थेंब